बिल्ल्यावरचा आठ

गाडीच्या विम्याची मुदत संपायला बारा दिवस राहिले आणि माझ्या फोनला असा काही भाव आला की निवृत्त माणसाला तो झेपेना. एरवी दिवसाकाठी दोन फोन येतात. एक पुण्याहून मुलाचा, ‘बाबा, जेवलात का’ असा; दुसरा कुणाचा तरी चुकून लागलेला. आता सकाळी नऊपासून रांग. एक मुलगी हिंदीतून फार आपुलकीनं बोलली. मी विचारलं, ‘ताई, कोणत्या कंपनीतून?’ ती म्हणाली, ‘सर, सब कंपनी का है.’ एवढ्या फोनांत हीच कंपनी मला बरी वाटली. तिचं निदान कुणाशी भांडण तरी नव्हतं.

काम साधं होतं. गाडी एक, घर एक. दोन्हींचा विमा उतरवायचा आणि कंपनी भरवशाची हवी. मी पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवली. ‘भरवसा’, ‘विश्वास’, ‘खात्री’ यांतला अर्थच्छटांचा फरक फळ्यावर कितीदा समजावून सांगितला. त्यातलं काहीही आता कामाला येईना.

आमच्या निलंग्यात ‘विमा’ म्हटलं की दोनच गोष्टी डोळ्यांपुढं येतात. एक एलायसी, दुसरा पीकविमा. एलायसी १ सप्टेंबर १९५६ ला स्थापन झाली. तिच्या मुंबईतल्या मुख्य इमारतीचं नाव ‘योगक्षेम’ आहे. पण मुंबईहून निलंग्याला येईपर्यंत वाटेत योगही गळाला, क्षेमही गळालं आणि ‘मेल्यावर मिळतंय’ एवढाच अर्थ एसटीतून खाली उतरला. आमच्या शेजारचे तात्या अजूनही विचारतात, ‘सर, गाडीची एलायसी भरली का?’ एलायसी गाडीचा विमा करत नाही, हे मी त्यांना तीन वेळा सांगितलं. तात्या म्हणाले, ‘मंग कोन करतंय? सरकारची दुसरी कोन हाय?’

आहेत की. एक सोडून चार आहेत. १ जानेवारी १९७३ पासून देशातल्या शंभरावर विमा कंपन्या गोळा करून त्यांच्या चार सरकारी कंपन्या केल्या : नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया. पुढं २००० च्या सुमारास खासगी कंपन्यांना दार उघडलं आणि आता मोजायला हाताची बोटं पुरत नाहीत. तात्यांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘सर, चार सुना असल्या तर म्हातारीला पानी कोन देतंय?’ या सगळ्यांवर देखरेख करणारी संस्था हैदराबादला असते असं सांगितलं, तेव्हा मात्र त्यांना बरं वाटलं. निजामाच्या काळापासून आमचे वरचे लोक हैदराबादलाच बसत आलेत.

पीकविम्यानं बाकीचं शिक्षण पूर्ण केलं. सोयाबीन पाण्यात गेलं की बहात्तर तासांच्या आत कळवायचं असायचं. ज्या पावसानं सोयाबीन बुडतं त्याच पावसानं मोबाइलची रेंज बुडते. त्यामुळं बहात्तरातले साठ तास माणूस स्लॅबवर चढून, फोन आभाळाकडं धरून उभा असायचा. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, वरच्यालाच कळवतोय. २०२३ च्या खरिपात सरकारनं एका रुपयात पीकविमा दिला, तेव्हा चौकातल्या निलंगा राईसच्या गाड्यावर मोठी चर्चा झाली. एका रुपयात राईसचा चमचा येत नाही, आणि हेक्टरभर सोयाबीन कोण सांभाळणार? २०२५ पासून ती एका रुपयाची गंमत संपली, खरिपाचा दोन टक्क्यांचा जुना हप्ता परत आला, आणि लोक म्हणाले, ‘आता कसं, खरं वाटतंय.’ फुकट मिळालं की संशय आणि पैसे पडले की विश्वास, हा आमचा स्वभावच आहे.

गाडीच्या विम्यात मात्र मला पहिल्यांदा जरा आधार मिळाला, कारण तिथं व्याकरण निघालं. थर्ड पार्टी म्हणजे तृतीय पुरुष! प्रथम पुरुष मी, द्वितीय पुरुष कंपनी, आणि तृतीय पुरुष म्हणजे ‘तो’, जो आपल्या वाटेनं सायकलवर चाललेला असतो आणि ज्याला मी धडकतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १४६ व्या कलमानं सक्ती केली आहे ती या ‘तो’साठी. माझं काय होतं याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही. ‘तो’चा विमा नसला तर पहिल्यांदा दोन हजार दंड, पुन्हा सापडलात तर चार हजार. हप्त्याचा दर केंद्र सरकार ठरवतं, म्हणून तो सगळ्या कंपन्यांचा सारखाच. आमच्याकडं लोक ‘फुल इन्शुरन्स’ आणि ‘थर्ड पार्टी’ असे दोनच प्रकार मानतात. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांची आणि नव्या कारला तीन वर्षांची थर्ड पार्टी एकदम घ्यावी लागते. त्या पाच वर्षांच्या कागदाकडं बघून गावातली निम्मी पोरं समजतात की आपली गाडी पाच वर्षं ‘फुल’ आहे. एका माजी विद्यार्थ्याची मोटारसायकल चोरीला गेली, तेव्हा त्याला कळलं की विमा ‘तो’चा होता, ‘मी’चा पहिल्याच वर्षी संपला होता. पुरुष ओळखा, हा प्रश्न मी त्याला दहावीत दोन गुणांना विचारला होता. तेव्हाही चुकला होता.

आता भरवशाची कंपनी कशी ओळखायची? माझ्या वडिलांना मी हा प्रश्न विचारू शकलो असतो तर त्यांनी एका वाक्यात सांगितलं असतं. त्यांनी आयुष्यात कंपनी कधी निवडली नाही, बैल निवडले. आमचं गाव निलंगा तालुक्यातलं. देवणी आमच्या उशाला, म्हणजे बैलांच्या बाबतीत आम्ही पंढरपूरच्या वेशीवरचे वारकरी. वडील माळेगावच्या जत्रेला जात. खंडोबाचं दर्शन दहा मिनिटं, जनावरांचं दर्शन तीन दिवस. तिथं बैलाची शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरमाळ, पाठीवर झूल. वडील त्याकडं ढुंकूनही बघत नसत. आधी जबडा उघडून दात बघायचे : दुसा आहे, चौसा आहे की जुळलेला. मग शेपटीखाली हात, मग खूर. दलाल उपरण्याखाली बोटं धरून भाव सांगायचा, म्हणजे शेजारच्याला कळू नये. (पॉलिसीतली बारीक अक्षरं मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ते उपरणंच आठवलं.) आणि एवढं सगळं करूनही वडील बाजारात पैसे देत नसत. म्हणायचे, ‘बाजारात समदेच बैल गरीब असतेत. औताला लावून बघू.’ विकणाऱ्याच्या गावाला जायचे, त्याच्या शेजाऱ्याच्या ओट्यावर बसायचे, पाणी मागायचे आणि सहज विचारायचे, ‘बैल मारका हाय का वो?’ शेजारी खरं सांगतो. शेजारी सुखासुखी दुसऱ्याचा बैल विकू देत नाही.

एवढ्या पारखी माणसाला विम्यानं मात्र गाठलंच. ऐंशीच्या दशकात एकात्मिक ग्रामीण विकास योजनेतून कर्जावर गायी मिळत. वडिलांना काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची देवणी गाय मिळाली. कर्ज बँकेचं, अनुदान सरकारचं, गाय आमची आणि विमा त्या कर्जाबरोबर आपोआप आलेला. कोणत्या कंपनीचा, हे आम्हाला कुणी विचारलं नाही आणि गायीलाही विचारलं नाही. एक माणूस आला आणि चिमट्यानं तिच्या कानात पत्र्याचा बिल्ला ठोकून गेला. नियम एकच : बिल्ला नाही तर पैसा नाही. गाय मेली तर बिल्ला दाखवायचा.

दोन वर्षांनी श्रावणात तिला पान लागलं. सकाळी बघतो तर गाय आडवी, आणि कानात बिल्ला नाही! कुठं तरी बाभळीच्या काट्याला अडकून गेला असणार. मग आमचं अख्खं घर रानात उतरलं. आई, वडील, आत्या, मी, दोन चुलतभाऊ. दिवसा बांध धुंडाळले, रात्री कंदील घेऊन. गाय गेल्याचं रडू आईला दुसऱ्या दिवशी आलं. पहिल्या दिवशी बिल्ल्यामुळं वेळ मिळाला नाही. तिसऱ्या दिवशी उकिरड्यात बिल्ला सापडला, तेव्हा वडिलांनी तो धुऊन, धोतरानं पुसून खिशात ठेवला आणि तालुक्याला गेले. साहेबांनी बिल्ला उजेडात धरला. म्हणाले, ‘कागदावर शेवटचा आकडा आठ आहे. हा तीन दिसतो.’ वडील म्हणाले, ‘साहेब, आठच हाय, जरा घासलाय.’ साहेब म्हणाले, ‘खात्री काय?’ वडील म्हणाले, ‘गाय मेली तवा तिला आकडा इचारायचा राहिला.’

पैसे आले नाहीत. कर्ज मात्र बरोबर आठाच्या आकड्यानं फेडून घेतलं.

एवढी परंपरा असलेल्या घरात मी आता कंपनी निवडायला बसलो. मुलगा पुण्याला कॉम्प्युटरमध्ये आहे. तो म्हणाला, ‘बाबा, सोपं आहे. ऑनलाइन कम्पेअर करा.’ त्यानं तिकडूनच माझ्या फोनवर एक पडदा उघडून दिला. चौदा कंपन्या, स्वस्तापासून महागापर्यंत ओळीनं उभ्या, प्रत्येकीच्या अंगावर हिरवी झूल. सगळ्यांत वरची सगळ्यांत स्वस्त. मी दात बघायचे म्हणून जबडा उघडला, तर गाडीची किंमतच तिनं पासष्ट हजारांनी कमी धरली होती. याला आयडीव्ही म्हणतात. गाडी चोरीला गेली किंवा भुगा झाली तर जास्तीत जास्त तेवढेच मिळणार. माझी गाडी आधीच पाच वर्षांची, तिची किंमत विम्याच्या कोष्टकात निम्मी झालेली, त्यावर ही आणखी कात्री. हप्ता कमी करायचा हा बैलबाजारातला जुना उपाय आहे : बैल स्वस्त द्यायचा नसेल तर लहान द्यायचा.

मग आकडे आले. प्रत्येक कंपनीच्या खाली ‘९८ टक्के दावे मंजूर’. कुणाचे ९७, कुणाचे ९९. मी लातूर जिल्ह्यातला मास्तर आहे, मला टक्क्यांनी कुणी फसवू नये. लातूरला शिकवणीवर्गांच्या रस्त्यानं एकदा चालून बघा. निकालानंतर एकच हुशार पोरगी चार-चार क्लासच्या फलकांवर एकाच फोटोत हसत असते. कुठं ती ‘आमची नियमित विद्यार्थिनी’, कुठं ‘आमच्या टेस्ट सिरीजची विद्यार्थिनी’. आणि जी पोरं नापास झाली त्यांचे फलक कुणी लावत नाही. ९८ टक्क्यांतही तसंच. दावा मंजूर झाला याचा अर्थ सगळे पैसे दिले असा नसतो. दहा हजार मागितले आणि अठराशे दिले, तरी तो मंजुरांच्या रांगेत पास.

त्यापेक्षा एक कमी दिखाऊ आकडा असतो : शंभर रुपये हप्ता गोळा झाला त्यातले किती रुपये दाव्यांपोटी गेले. चाळीस असला तर कंपनी चिकट. एकशे पंधरा असला तर कंपनी उदार, पण असा उदार माणूस आमच्या गल्लीत एक होऊन गेला, त्याचा वाडा आता बँकेकडं आहे. म्हणून आणखी एक आकडा बघायचा, सॉल्व्हन्सी. देणी असतील त्याच्या हिशेबात कमीत कमी दीडपट ऐवज कंपनीनं राखला पाहिजे, असा हैदराबादचा हुकूम आहे. मला हा नियम फार आवडला. सोयरीक जमवताना तो लावला असता तर निलंग्यात पंचवीस वर्षांत फार तर सहा लग्नं झाली असती.

दोन वर्षांपूर्वी मी एक दावा करून बसलो होतो, तोही इथं सांगितला पाहिजे, कारण त्यातून मला विम्याचं गणित कळलं. गळिताचा हंगाम होता. संध्याकाळी लातूरहून येताना पुढं उसाची ट्रॉली. मागं दिवा नाही, लाल फडकं नाही, आहे ते एवढंच की ट्रॉलीच्या मागच्या फळीवर ‘हॉर्न वाजवा’ लिहिलंय आणि ते उसाच्या पानांखाली झाकलंय. मी हॉर्न वाजवण्याऐवजी बंपर वाजवला. लातूरच्या गॅरेजनं बिल केलं साडेसात हजार : बंपर पाच हजार, रंग सोळाशे, मजुरी नऊशे. मी म्हटलं, विमा ‘फुल’ आहे. सर्व्हेअर आला. सभ्य माणूस. त्यानं सांगितलं की प्लॅस्टिकच्या भागाला पन्नास टक्के घसारा, म्हणजे बंपरचे अडीच हजार. रंगातल्या मालाला घसारा, दोनशे गेले. शिवाय प्रत्येक दाव्यात पहिले हजार रुपये आपले आपण. हातात पडले अडतीसशे.

तरी मी खूश होतो. पेढे आणले. मुलानं फोनवर विचारलं, ‘बाबा, नो क्लेम बोनस गेला ना?’ तेव्हा मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. दावा न करणाऱ्याला दर वर्षी सवलत वाढत जाते : वीस, पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, पन्नास टक्के. मी पस्तीसवर होतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा मूळ हप्ता पाच हजार धरू. पुढच्या वर्षी पंचेचाळीस टक्के मिळाले असते, आता शून्य, गेले साडेबावीसशे. त्याच्या पुढच्या वर्षी पन्नास मिळाले असते, आता वीस, गेले पंधराशे. एकूण सदतीसशे पन्नास. मिळाले अडतीसशे. म्हणजे पन्नास रुपये निव्वळ फायदा. पेढे साठ रुपयांचे होते. तिसऱ्या वर्षाचा हिशेब मी केलाच नाही. आमच्या घरी रक्तदाबाचा त्रास आहे.

घराचं प्रकरण त्यामानानं सोपं निघालं, आणि मजेशीरही. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकच ठरावीक पॉलिसी सगळ्या कंपन्यांना विकावी लागते. शब्द सारखे, अटी सारख्या. म्हणजे निबंध एकच, चौदा पोरांनी एकमेकांचा बघून लिहिलेला. गुण द्यायचे ते अक्षराला. मी ती पूर्ण वाचली. मला वाटतं, निलंग्यात ती पूर्ण वाचणारा मी पहिलाच. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर हे आलंच. पण त्सुनामीही आहे! समुद्र आमच्यापासून इतका लांब की आमच्या पोरांना तो नकाशात रंगवताना दिसतो. तरी लाट आलीच तर घर सुरक्षित. क्षेपणास्त्राच्या चाचणीनं घराचं नुकसान झालं तरी भरपाई. आणि एक कलम वाचून तर मी बायकोला हाक मारली : पाण्याची टाकी फुटून किंवा भरून वाहिल्यानं झालेलं नुकसान. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या जिल्ह्यात टाकी भरून वाहिली तर लोक नुकसानभरपाई मागतील की पेढे वाटतील?

बायकोनं कामाचं विचारलं, ‘चोरी झाली तर?’ चोरीचं कलम आहे, पण मूळ पॉलिसीत ते असं आहे की आधी भूकंप, आग, पूर असं काही तरी घडलं पाहिजे आणि त्यापायी सात दिवसांच्या आत चोरी झाली पाहिजे. साध्या चोराला वेगळा विमा. ती म्हणाली, ‘म्हणजे चोरानं भूकंपाची वाट बघायची?’ मग विचारलं, ‘माझ्या पाटल्या?’ घरातल्या सामानाला आपोआप घराच्या रकमेच्या वीस टक्के, जास्तीत जास्त दहा लाख, असं संरक्षण आहे. पण दागिने त्यात नाहीत, त्यांचं वेगळं कलम वेगळ्या पैशानं. पाटल्या तिनं तिथल्या तिथं काढून कपाटाच्या आतल्या कप्प्यात ठेवल्या. माझ्या मते त्या दिवशी आमच्या घरात उतरवलेला हा सगळ्यांत भरवशाचा विमा.

रक्कम काढताना तात्या बसले होते. मी म्हटलं, बांधकाम नऊशे फूट, फुटाला अठराशे, सोळा लाख वीस हजार. तात्या खवळले. ‘सर, मेन रोडला लागून प्लॉट हाय! साठ लाखाच्या खाली बोलूच नका.’ त्यांना सांगावं लागलं की विमा बांधकामाचा असतो, जागेचा नसतो. जागा जळत नाही. तात्या म्हणाले, ‘जळत नसंल, पर भाऊबंद जाळतेत की.’ त्यावर कोणतंही कलम नाही.

भूकंपाच्या कलमापाशी मात्र आम्ही दोघं गप्प झालो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून माणसं उशिरा झोपलेली. किल्लारी शेजारच्या औसा तालुक्यात. आमच्या तालुक्यातलीही गावं त्या तडाख्यात होती. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीची माळवदं. उन्हाळ्यात त्या घरांसारखी गार घरं नव्हती, हिवाळ्यात त्यांच्यासारखी उबदार नव्हती, आणि त्या पहाटे तीच माणसांवर आली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. तेव्हाच्या भूकंपाच्या नकाशात आमचा भाग पहिल्या झोनमध्ये होता, म्हणजे देशातला सगळ्यांत बिनधोक. पुढं २००२ मध्ये नकाशा बदलला, आम्ही तिसऱ्यात गेलो, आणि पहिला झोन नकाशातूनच काढून टाकला. तात्या भूकंपाच्या साली चार महिने अंगणात झोपले. घराचा विमा तेव्हा त्यांचाही नव्हता, माझाही नव्हता, ओळखीतल्या एकाचाही नव्हता. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये आमच्या तालुक्यात हासोरीला जमिनीतून आवाज येऊ लागले, तेव्हा लोक पुन्हा अंथरुणं घेऊन बाहेर आले. अंथरूण सगळ्यांना सापडलं. विमा तेव्हाही कुणाला आठवला नाही. माझ्या घराचा वर्षाचा हप्ता आमच्या पेपरवाल्याच्या वर्षाच्या बिलापेक्षा कमी निघाला, हे मला आता, सदुसष्टाव्या वर्षी कळलं. तात्यांना सांगितलं, तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘माझं बी बघा मंग.’

राहिली कंपनी. शेवटी मी वडिलांचं ऐकलं आणि विकणाऱ्याच्या शेजाऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसलो. विमा कंपनीचा शेजारी म्हणजे गॅरेजवाला. आमच्या इथं डेंटिंग-पेंटिंगचं शेड चालवणारा माझा जुना विद्यार्थी आहे. शाळेत मागच्या बाकावर बसायचा. आता निलंग्यातल्या निम्म्या गाड्या त्याच्यापुढं मान खाली घालून उभ्या असतात. त्यानं खुर्ची पुसून दिली. मी सहज विचारलं, ‘बैल मारका कोणता?’

‘सर,’ तो म्हणाला, ‘ती टीव्हीवरची जाहिरात बघू नका. गाडी माझ्या शेडमधी किती दिवस उभी राहतीय ते बघा. कंपनीचा मानूस फोन उचलतोय का, सर्व्हेअर कवा येतोय, आन् मंजूर झाल्यावर पैसे कवा पडतेत. या तीन गोष्टी.’ मग त्यानं बोट केलं. शेडच्या कोपऱ्यात एक पांढरी गाडी होती, समोरून चेपलेली. आत मागच्या सीटवर एक कोंबडी बसली होती. ‘ही आली तवा कोंबडी अंड्यावर होती. पिल्लं निघाली, मोठी झाली, दोन आमी खाल्ली. क्लेम अजून विचाराधीन हाय.’ कंपनीचं नाव काचेवर चिकटवलेलं होतं. पडद्यावरच्या चौदांत तिचे ९८ टक्के होते. त्या दिवसापासून मी टक्के सोडले आणि कोंबड्या मोजायला लागलो.

निघताना त्याला विचारलं, ‘तुझ्या स्वतःच्या गाडीचा कोणता?’

‘थर्ड पार्टी, सर. डेंट मीच काढतो की.’

घरी आलो तर भाचा येऊन बसलेला. तो विम्याचं काम करतो. कोणत्याही एका कंपनीचा नाही, जिचं कमिशन बरं तिचा. म्हणाला, ‘मामा, मागचा क्लेम सांगायचाच नाही. नवी कंपनी, नवा डाव. पन्नास टक्के बोनस तसाच दाखवू.’ मी म्हटलं, ‘आणि उद्या ट्रॉली पुन्हा भेटली तर?’ कंपन्या एकमेकींना विचारून घेतात आणि खोटा बोनस सापडला की दावा तिथंच संपतो. भाच्याचं म्हणणं पडलं की सापडलं तर सापडलं. मी त्याला बिल्ल्याची गोष्ट सांगितली. खरा आठ होता तरी तीन दिसला, मग खोटा पन्नास कसा दिसेल, विचार कर.

भांडण झालंच तर पुढं काय, तेही मी वाचून ठेवलं होतं. आधी कंपनीला लेखी तक्रार, महिनाभर वाट, मग विमा लोकपाल. आमचा लोकपाल पुण्याला बसतो. फी लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतचा निवाडा देऊ शकतो आणि त्याच्यापुढं वकील चालत नाही. हे शेवटचं वाक्य मी निलंग्याच्या कोर्टासमोरच्या चहाच्या टपरीवर मोठ्यानं वाचून दाखवलं, तेव्हा दोन काळे कोट चहा अर्धा टाकून उठून गेले.

कोंबडीच्या कसोटीला उतरलेल्या दोन कंपन्या उरल्या. मुलगा म्हणाला, ऑनलाइन घ्या, साडेतीनशे रुपये स्वस्त पडेल. मी भाच्याकडूनच घेतली, बोनसच्या रकान्यात खरा आकडा घालून, बंपरसाठी घसारा न कापणारं झिरो डेप जोडून, आणि घराची पॉलिसी, तात्यांचीही, त्याच्याच हातानं. मुलाला हा अडाणीपणा वाटला. त्याला मी एवढंच सांगितलं : कंपनी मुंबईत, नियामक हैदराबादेत, लोकपाल पुण्यात, तूही पुण्यात. भाचा मागच्या गल्लीत राहतो आणि त्याची आई मला भाऊबीजेला ओवाळते. साडेतीनशे रुपयांत एवढं कोणती वेबसाइट देते?

पॉलिसीचे कागद आले, तेव्हा ते ठेवायला मी माळ्यावरची वडिलांची पत्र्याची पेटी खाली काढली. सातबारा, सोसायटीच्या पावत्या, माळेगावच्या जत्रेतल्या बैलखरेदीच्या चिठ्ठ्या, आणि तळाशी फडक्यात बांधलेला तो बिल्ला. पितळेसारखा पिवळा पडलाय, कडेला जरा वाकलाय. बायको म्हणाली, ‘टाकून द्या आता.’ मी खिडकीपाशी गेलो, चष्मा लावला, आधी लांबून बघितला, मग जवळून. अंगठ्यानं घासला, थोडी थुंकी लावून पुन्हा घासला.

आठच आहे.